तळीये ते चांदोली : दोन ज्येष्ठांसोबत चार दिवस

दवाखान्यात येणाऱ्या ज्येष्ठांना झोप, भूक, रक्तदाब या नेहमीच्या चौकशीबरोबर मी आणखी एक प्रश्न विचारते : "शेवटचा प्रवास कधी केलात?" माझ्या वडिलांना, अण्णांना, ही शब्दयोजना मुळीच पसंत नाही. "अगं, ऐंशी ओलांडलेल्या माणसाला शेवटच्या प्रवासाचे विचारू नये. मागचा प्रवास म्हण," असे त्यांनी मला एकदा बजावले. तेव्हापासून मी 'मागचा प्रवास' म्हणते. उत्तरे मात्र बदललेली नाहीत. बहुतेकांचा मागचा प्रवास मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी किंवा कोणाच्या तरी तेराव्यासाठी झालेला असतो. केवळ पाहण्यासाठी, बघून आनंद व्हावा म्हणून घराबाहेर पडल्याला वर्षे लोटलेली असतात.

अण्णांचेही तेच झाले होते. वय ब्याऐंशी, निवृत्त शिक्षक, रक्तदाब आणि प्रोस्टेटचा त्रास. आई जाऊन तीन वर्षे झाली आणि घर ते वाचनालय एवढेच त्यांचे जग उरले. गेल्या दिवाळीत अमेरिकेतल्या माझ्या धाकट्या भावाने त्यांना एका सहलीची छायाचित्रे दाखवली. त्याने गाडीने जाऊन एका माजी राष्ट्राध्यक्षाचे ग्रंथालय पाहिले होते आणि तिथून पुढे एका राष्ट्रीय उद्यानात मुक्काम केला होता. राष्ट्राध्यक्षांचे कागद, पत्रे, भेटवस्तू जतन करणारी अशी ग्रंथालये तिथे आहेत. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी हाईड पार्क येथे १९४१ साली सुरू केलेले ग्रंथालय त्यांतले पहिले. पोलिओने पाय गेलेल्या, चाकाच्या खुर्चीतून देश चालवणाऱ्या त्या माणसाविषयी अण्णांनी शाळेत मुलांना शिकवले होते. त्या रात्री ते उशिरापर्यंत जागे होते. सकाळी चहाच्या वेळी म्हणाले, "एवढ्या लांब कशाला जायचे? आपल्याकडे कराड आहे. यशवंतरावांची पुस्तके आहेत. आणि पुढे चांदोलीचे जंगल."

मी ताबडतोब होकार दिला. तेव्हा त्यांनी अट घातली : "तळीयेचा आबा येत असेल तरच."

तळीये

आबा हे अण्णांचे शाळेतले मित्र. अण्णांपेक्षा दोन इयत्ता मागे. वय ऐंशीच्या उंबरठ्यावर, मधुमेह, दोन्ही गुडघे झिजलेले. गेली पंचवीस वर्षे ते माझे रुग्ण आहेत.

महाड तालुक्यातले तळीये हे नाव महाराष्ट्राला २२ जुलै २०२१ नंतर माहीत झाले. त्या दिवशी सायंकाळच्या सुमारास डोंगराचा कडा सुटला आणि कोंढाळकरवाडीवर आला. ऐंशीहून अधिक माणसे गेली. किती तरी जणांचे देह अखेरपर्यंत सापडले नाहीत. त्याच दिवशी खाली महाड शहर सावित्री आणि गांधारी यांच्या पुरात बुडाले होते. माझा दवाखानाही पाण्यात गेला. वीस वर्षांचे केसपेपर चिखलाच्या लगद्यात मिसळले. पुढचे आठ-दहा दिवस मी चिखल उपसत होते, जखमा बांधत होते, लेप्टोस्पायरोसिसच्या भीतीने आलेल्यांना तपासत होते. तळीयेला पोहोचायला मला बरेच दिवस लागले.

आबा त्या दिवशी गावात नव्हते. कोरोनामुळे लांबलेली त्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया व्हावी म्हणून ते मुंबईला मुलाकडे गेले होते. तशी चिठ्ठी मीच दिली होती आणि "आता आणखी लांबवू नका" असे निक्षून सांगितले होते. लावणीचे दिवस म्हणून त्यांच्या पत्नी गावी थांबल्या. त्या आणि धाकटी सून, दोघी त्या दिवशी गेल्या.

नंतर आबा कंटेनरमधल्या तात्पुरत्या घरात राहिले, पुढे पुनर्वसनाच्या वसाहतीत आले. माझ्याकडे ते दर महिन्याला येत. झोप लागत नाही म्हणत. मी झोपेची गोळी लिहून देई. साखर तपासली, रक्तदाब पाहिला, गोळी लिहिली, असे कित्येक महिने चालले. पत्र्यावर पाऊस वाजू लागला की ते उठून बसतात, दाराशी जाऊन उभे राहतात, हे मला त्यांच्या मुलाकडून कळले. मी त्यांना त्याविषयी एकदाही विचारले नव्हते. विचारले तर त्यांना त्रास होईल असे मी स्वतःला सांगत असे. खरे म्हणजे ती चिठ्ठी माझ्या हातची होती आणि ते काय म्हणतील याची मलाच धास्ती होती.

प्रवासाचे विचारायला अण्णा आणि मी तळीयेला गेलो. आबा म्हणाले, "घाट नको, डॉक्टरीणबाई. डोंगराखालून जायचं म्हटलं की छातीत भरून येतं." अण्णा त्यांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "मलाही एकट्याने जायची हिंमत नाही रे. तुला भीती वाटली की गाडी थांबवायची. मागे फिरू म्हणालास तर मागे फिरायचे." माझ्या मुलाने गाडी चालवायचे ठरले. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा निवडला. पाऊस नाही, उन्हाळा चढलेला नाही, दरडींचा धोका कमीत कमी.

आंबेनळीचा घाट

महाडहून पोलादपूर वीस किलोमीटरच्या आत आहे आणि तिथून महाबळेश्वर सुमारे चाळीस. अंतर थोडे, पण समुद्रसपाटीपासून फार वर नसलेल्या खोऱ्यातून आपण जवळजवळ साडेतेराशे मीटर उंचीवर जातो. एवढ्या उंचीवर विरळ हवेचा त्रास सहसा होत नाही. त्रास होतो तो वळणांचा, कानांत दडे बसण्याचा आणि वरच्या थंडीचा.

आबांना पुढच्या आसनावर बसवले. पुढे बसून दूरच्या रस्त्यावर नजर ठेवली की मळमळ कमी होते. सकाळी दोघांनी नाचणीची भाकरी आणि थोडी भाजी एवढेच खाल्ले होते. मळमळीची गोळी मी मुद्दाम दिली नाही. या प्रकारच्या अनेक गोळ्यांनी वृद्धांना गुंगी येते, क्वचित भ्रम होतो आणि प्रोस्टेट वाढलेल्याची लघवी तुंबू शकते. मीठ लावलेली आवळकाठी मात्र दोघांच्या खिशात होती. ती चघळताना आवंढा गिळला जातो आणि कानांचे दडे सुटतात.

अण्णांची लघवी वाढवणारी गोळी हा आणखी एक विषय. प्रवासात अडचण नको म्हणून बरेच ज्येष्ठ ही गोळी परस्पर बंद करतात आणि पाणीही पीत नाहीत. मग पायांवर सूज, धाप, किंवा उलट बाजूने निर्जलीकरण आणि मूत्रमार्गाचा संसर्ग. आम्ही गोळी बंद केली नाही. मुक्कामी पोहोचल्यावर दुपारी घ्यायची, असे ठरवले. अर्थात प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांना विचारूनच अशी वेळ बदलावी.

पोलादपूर सुटल्यावर अण्णांनी तानाजी मालुसरे यांच्या उमरठची आठवण काढली, मग प्रतापगडाची. आबा गप्प होते. एका वळणावर उतार खरवडून निघालेला दिसला. २०२१ च्या त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळून बळी गेले होते आणि हा घाटही अनेक ठिकाणी खचला होता. आबांचा हात दाराच्या मुठीवर घट्ट आवळलेला होता. कपाळावर घाम होता. मी मुलाला रुंद जागा पाहून गाडी थांबवायला सांगितली.

अशा वेळी "काही होत नाही, घाबरू नका" असे म्हणायचा मोह होतो. मी तो आवरला. नाडी पाहिली, वेगात होती, पण नियमित. मधुमेही माणसाला घाम फुटला तर आधी साखर पाहावी, म्हणून तीही तपासली, व्यवस्थित होती. मग त्यांना खाली उतरवून दगडावर बसवले आणि श्वास हळूहळू, लांबवत सोडायला सांगितला. अण्णा त्यांच्याबरोबर श्वास सोडत होते. पाच-सात मिनिटे गेली. मी विचारले, "मागे फिरायचे का?"

आबा उताराकडे पाहत म्हणाले, "तो भाग बघा. वर माती, खाली कातळ. पाणी मुरत मुरत मधे जातं आणि मातीचा कातळावरचा हात सुटतो. आमच्याकडं तसंच झालं असणार." भूगर्भशास्त्रज्ञ जे सांगतात त्याचे सार हेच : झिजलेल्या मातीच्या थरात पाणी भरते, थर जड होतो, आतल्या पाण्याच्या दाबाने त्याची पकड ढिली होते आणि तो घसरतो. शेतात आयुष्य काढलेल्या माणसाने ते स्वतःच्या शब्दांत मांडले होते. तेवढे बोलल्यावर ते उठले आणि म्हणाले, "चला वर."

पाच नद्यांचे देऊळ

क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचा उगम मानतात. पायऱ्या मोजक्याच चढायच्या होत्या, तरीही आम्ही सावकाश गेलो. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, हा नियम गुडघेदुखीच्या प्रत्येक रुग्णाने पाठ करावा. आबांचे दोन्ही गुडघे दुखरे, तेव्हा त्यांतल्या त्यात बरा तो चांगला असे त्यांनीच ठरवून टाकले.

अण्णा शिक्षकाच्या आवाजात सांगू लागले. पाचांपैकी सावित्री तेवढी पश्चिमेला उतरते. पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. कृष्णा वाईकडे जाते. कोयना डोंगररांगांतून दक्षिणेला उतरते, मग पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला भेटते.

याच महाबळेश्वरात २२ जुलै २०२१ च्या सकाळपासून दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत, चोवीस तासांत, सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कित्येक गावांच्या वर्षभराच्या पावसाइतके हे पाणी. त्यातले जे सावित्रीच्या वाटेने उतरले तेच माझ्या दवाखान्यात शिरले होते. मी हे सांगितल्यावर आबांनी ओंजळीत तीर्थ घेतले, क्षणभर पाहिले आणि डोळ्यांना लावले. "तिचा काय दोष," एवढेच म्हणाले.

त्या रात्री थंडी बरीच होती. दोघांनाही कानटोपी, पायमोजे आणि रात्री स्वच्छतागृहाकडे जाण्यासाठी वाटेत मिणमिणता दिवा, अशी व्यवस्था केली. नव्या जागी रात्री अंधारात उठताना पडणे हा वृद्धांच्या प्रवासातला मोठा धोका आहे.

कराड : पुस्तकांचे घर

दुसऱ्या दिवशी केळघरच्या घाटाने मेढा, सातारा करत कराडला पोहोचलो. दर दीड-दोन तासांनी थांबून दोघांना दहा मिनिटे चालवले. बसल्या जागी घोटे वर-खाली करायचे हेही त्यांना नेमून दिले होते. अण्णा त्याला 'शिलाई मशीन' म्हणतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी प्रीतिसंगमावर गेलो. दोन नद्या एकमेकींना काटकोनात किंवा तिरप्या भेटतात हे आपण पाहतो. इथे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येतात आणि मग मिळून वळतात. काठावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. बाकावर बसून आबा बराच वेळ पाण्याकडे पाहत होते. "दोघी एका घरातनं निघाल्या, एवढं फिरल्या आणि इथं भेटल्या. आमची तेवढी एकटी खाली आली," ते म्हणाले. अण्णांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. दोघेही विधुर. त्या विषयावर ते आपसात कधी बोलले नव्हते, असे अण्णांनी मला नंतर सांगितले.

तिथून आम्ही सौ. वेणूताई चव्हाण स्मारकात गेलो. यशवंतराव १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे येथे जन्मले, कराडला वाढले, १९६० साली महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले. पुढे देशाचे संरक्षणमंत्री, गृहमंत्री, अर्थमंत्री, परराष्ट्रमंत्री आणि उपपंतप्रधान. एवढ्या मोठ्या माणसाच्या पुस्तकांच्या घराला त्याचे स्वतःचे नाव असते तर कोणाला नवल वाटले नसते. पण आपला ग्रंथसंग्रह त्यांनी पत्नीच्या नावे उभारलेल्या या स्मारकाला दिला.

अण्णा आबांना ती कथा सांगत होते. २ जून १९४२ रोजी कराडला लग्न झाले. लवकरच वर भूमिगत चळवळीत गेला. वर्ष उलटायच्या आत वेणूताईंना तुरुंग पाहावा लागला. पुढे प्रकृतीने त्यांना फारशी साथ दिली नाही. मूल नव्हते. १ जून १९८३ रोजी, लग्नाच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, त्या गेल्या. यशवंतराव त्यानंतर दीड वर्षही जगले नाहीत. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. जोडीदाराच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या वर्षा-दोन वर्षांत मागे राहिलेल्याची प्रकृती अधिक जपावी लागते, हे वैद्यकशास्त्र आज सांगते. जेवण कमी होते, औषधे चुकतात, झोप जाते, आणि "आता काय करायचे आहे" या एका वाक्याखाली सगळे झाकले जाते. माझ्या अण्णांच्या बाबतीत मी ते पाहिले होते.

आबा पुस्तकांच्या कपाटांसमोरून सावकाश चालत गेले. जतन करून ठेवलेली छायाचित्रे, जुन्या वस्तू त्यांनी एकेक करून पाहिल्या. मग खुर्चीवर बसले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "किती जपून ठेवलंय. माझ्याकडं तिचा एक फोटोसुद्धा नाही. घरच गेलं ना. तांब्याचा हंडा होता तिच्या माहेरचा, चेपलेला. जात्याला तिनं स्वतः खुंटा बसवला होता. पातळाची घडी घालायची तिची एक पद्धत होती. आता चेहरा आठवायला जातो तर कधी कधी नीट येत नाही. तेव्हा भीती वाटते, डॉक्टरीणबाई. पावसाची नाही वाटत एवढी."

मी इतकी वर्षे त्यांच्या झोपेवर उपचार करत होते. त्यांना जागे ठेवणारी गोष्ट मला त्या दिवशी, घरापासून दोनशे किलोमीटरांवर, एका ग्रंथालयात कळली.

अण्णांनी खिशातली डायरी काढली. त्यात ते रोजचा रक्तदाब लिहितात. मागचे कोरे पान उघडून ते म्हणाले, "हंडा कुठे चेपला होता? काठाला की बुडाला?" आबा म्हणाले, "काठाला." अण्णांनी लिहून घेतले.

चांदोली : गावांच्या जागी जंगल

कराडहून कोकरूड, आरळा करत वारणेच्या खोऱ्यात शिरलो. चांदोली १९८५ साली अभयारण्य आणि २००४ साली राष्ट्रीय उद्यान झाले. क्षेत्र सुमारे ३१८ चौरस किलोमीटर. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या सीमांवर पसरलेले. २०१० पासून कोयना अभयारण्यासह ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला त्यात त्याचा समावेश आहे. पावसाळ्यात उद्यान पर्यटकांना बंद असते. आत जायला वन विभागाची परवानगी लागते. मोबाईल अनेक ठिकाणी चालत नाही, म्हणून औषधे, पाणी, साखर तपासायचे यंत्र आणि खाऊ बरोबर ठेवूनच चौथ्या दिवशी सकाळी आत गेलो. रस्ता खडबडीत असल्याने दोघांच्या कमरेमागे उशा दिल्या.

वाघ दिसला नाही. दिसेल अशी अपेक्षाही नव्हती. गव्यांचा एक कळप रस्त्यापासून बऱ्याच अंतरावर चरत होता. अण्णांनी त्यांचे पांढरे 'पायमोजे' पाहून शाळकरी मुलासारखी टाळी वाजवायला हात उचलले आणि वेळीच खाली घेतले. एका उंच झाडावर शेकरू दिसली. शांतता इतकी की दोघांचे श्वास ऐकू यावेत.

पुढे एका मोकळ्या जागी आंब्याची तीन-चार जुनी झाडे ओळीने उभी होती. गवतात दगडी जोत्यासारखे काही दिसत होते. वाटाड्याने सांगितले की इथे वस्ती होती. वारणेवरचे धरण आणि पुढे अभयारण्य यांमुळे या खोऱ्यातली गावे उठवण्यात आली आणि लोक दुसरीकडे वसले. पुनर्वसनासाठी त्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. आबा म्हणाले, "ही झाडं माणसानं लावलेली आहेत. जंगलातला आंबा असा रांगेत येत नाही."

गाडीतच बसून ते बोलू लागले. शस्त्रक्रियेनंतर डोळ्यावर पट्टी होती. मुलाच्या घरी दूरदर्शन संच चालू होता. गावाचे नाव कानावर पडले. दिसत काही नव्हते. मुलगा रडतोय एवढेच ऐकू आले. त्यांनी हे सलग सांगितले नाही. मधे थांबत, आंब्यांकडे पाहत. मग माझ्याकडे वळले : "तुमच्या चिठ्ठीनं मी वाचलो. पुष्कळ दिवस वाटायचं, कशाला दिली चिठ्ठी. तुमच्या तोंडावर कधी बोललो नाही."

मला उत्तर सुचले नाही. मी म्हणाले, "मलाही तेच वाटत असे, आबा. म्हणून तर मी विचारत नव्हते." ते थोडे हसले. "म्हंजे दोघंही गोळीवर भागवत होतो."

आंब्याखालून निघताना ते म्हणाले, "या लोकांना सांगून उठवलं. जाताना देव घेता आले असतील, भांडी घेता आली असतील. तरी त्यांनाही झाडं नेता आली नाहीत."

काळजीवाहकांसाठी काही सूचना

अशा प्रवासाचा विचार करणाऱ्यांसाठी अनुभवावरून थोडे लिहिते.

- निघण्यापूर्वी आठवडाभर आधी डॉक्टरांना भेटा. प्रवासाचा मार्ग, मुक्काम, जेवणाच्या वेळा सांगा आणि गोळ्यांच्या वेळा त्यानुसार ठरवून घ्या. कोणतीही गोळी परस्पर बंद करू नका.
- औषधे प्रवासाच्या दिवसांपेक्षा तीन दिवस जास्त पुरतील एवढी घ्या. ती डिकीत न ठेवता हाताशी ठेवा. चिठ्ठीची छायाप्रत ज्येष्ठांच्या खिशात असू द्या.
- इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांचे जेवण लांबू देऊ नका. खिशात साखर असावी. अचानक घाम, थरथर, गोंधळ जाणवला तर साखर तपासा. तपासणे शक्य नसेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर साखरपाणी द्या.
- छातीत दुखणे, धाप, एका बाजूची ताकद जाणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही झाले तर पुढच्या मुक्कामाची वाट पाहू नका. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे.
- दिवसाकाठी एकच मोठे ठिकाण पाहा. दुपारची विश्रांती रद्द करू नका. खोली तळमजल्यावरची मागा. कमोड आहे का हे आधी विचारा.
- पावसाळ्यात घाटांचा प्रवास ज्येष्ठांसाठी टाळा.
- आपत्तीतून वाचलेल्यांना किंवा जोडीदार गमावलेल्यांना बोलते करण्यासाठी खोदून विचारू नका. पण ते बोलू लागले तर विषय बदलू नका. झोप न लागणे, पावसाच्या आवाजाने दचकणे, अपराधी वाटणे हे महिनोन्‌महिने टिकले तर ते वयावर ढकलू नका. त्यावर उपचार आहेत. टेलि-मानसचा १४४१६ आणि ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हे दूरध्वनी क्रमांक विनामूल्य आहेत.

आणखी एक गोष्ट मी आता दवाखान्यात सांगते. आजी-आजोबांची एक वही करा. मोठ्या माणसांची ग्रंथालये देश बांधतो; आपल्या माणसाची वही आपणच लिहायची असते. कोणत्या भांड्यात काय शिजे, कोणाला कोण काय हाक मारी, शेताच्या तुकड्यांची नावे, लग्नात कोणता रुसवा झाला. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीच्या रुग्णांनाही जुन्या आठवणींच्या गप्पांनी बरे वाटते, बोलणे वाढते.

परतल्यावर

आबांची झोप एका प्रवासाने सुधारली असे मी लिहिणार नाही. मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. चार वर्षांपूर्वीच पाठवायला हवे होते. झोपेच्या गोळीची मात्रा त्यांच्या सल्ल्याने हळूहळू कमी होते आहे. या पावसाळ्यातही पत्रा वाजला की ते उठतात. पण आता अण्णांना दूरध्वनी करतात. रात्री दोन वाजता आमच्या घरात दूरध्वनी वाजतो आणि ब्याऐंशी वर्षांचे अण्णा तो पहिल्या घंटेला उचलतात. "बोल," म्हणतात आणि उशाची वही ओढतात. आई गेल्यापासून रात्री त्यांनाही झोप नसे, हे मला त्यानिमित्ताने कळले.

वहीची चाळीस पाने भरली आहेत. आबांच्या मुलाने ती वाचली आणि मुंबईतल्या नातेवाइकांकडे चौकशी सुरू केली. गेल्या महिन्यात एका चुलत पुतण्याच्या लग्नाच्या अल्बममध्ये एक छायाचित्र सापडले. वधूवर मधोमध आहेत. कडेला, अर्ध्या कापल्या गेलेल्या, हातात ताट घेऊन घाईने कुठेतरी निघालेल्या एक बाई. डोक्यावरचा पदर दातांत धरलेला.

आबांनी ते छायाचित्र मोठे करून मला दाखवायला दवाखान्यात आणले. चष्मा पुसून पुन्हा एकदा पाहिले आणि म्हणाले, "बघा, फोटोलासुद्धा थांबली नाही."

त्या दिवशी त्यांची साखर थोडी वाढलेली होती. छायाचित्र सापडले म्हणून मुलाने पेढे आणले होते. मी काही बोलले नाही. एक पेढा मीही खाल्ला.